मॉन्टे कॅसिनोचे अतिथि

रोमहून नेपल्सकडे जाणाऱ्या जुन्या मार्गावर, रोमपासून सुमारें ८० मैलांवर, लिरी नदीचें खोरें लागतें. खोऱ्यांत शेतें, द्राक्षांचे मळे आणि ऑलिव्हचीं झाडें आहेत. आणि या सर्वांवर उभी आहे सुमारें १७०० फूट उंचीची एक टेकडी. तिच्या माथ्यावर फिकट दगडाचा एक प्रचंड मठ आहे. पायथ्याच्या कॅसिनो गांवांतून नागमोडी रस्ता वर चढतो. प्रत्येक वळणाला गांवाचा गलबला मागें पडत जातो, आणि माथ्यावर पोंचलेल्या प्रवाशाला मठाच्या प्रवेशद्वारावर एकच लॅटिन शब्द कोरलेला दिसतो. त्या शब्दाचा अर्थ आहे 'शांति'.

ज्या दारावर हा शब्द कोरलेला आहे, त्या दाराची वास्तु आजवर चार वेळां जमीनदोस्त झाली. तीन वेळां माणसांनीं ती उद्ध्वस्त केली, एकदां भूकंपानें. आलेल्या प्रत्येक पाहुण्याचें स्वागत करावें, अशी ज्या घराची पहिली आज्ञा, त्या घरीं इतिहासानें कोणकोणते पाहुणे धाडले आणि ते घर तरीहि कशाच्या बळावर टिकलें, हें पाहण्यासारखें आहे.

या मठाचा संस्थापक संत बेनेडिक्ट. त्याचा जन्म इ. स. ४८० च्या सुमारास मध्य इटलींतील नुर्सिया गांवीं झाला. त्या वेळीं पश्चिमेचें रोमन साम्राज्य नुकतेंच कोसळलें होतें. सुखवस्तु घरांतील हा मुलगा शिक्षणासाठीं रोमला गेला. परंतु तेथील स्वैर जीवनाचा वीट येऊन त्यानें शाळा सोडली आणि सुबियाको येथील डोंगरांतल्या एका गुहेंत तीन वर्षें एकांतवास केला. पुढें त्याची कीर्ति पसरली. जवळच्या एका मठांतील लोकांनीं त्याला आग्रहानें आपला प्रमुख केलें, पण त्याची शिस्त सोसवेना तेव्हां त्याच लोकांनीं त्याच्या द्राक्षासवांत विष कालविलें, अशी कथा आहे. त्याच्या चरित्राचा आधार म्हणजे पोप ग्रेगरी यानें बेनेडिक्टच्या मृत्यूनंतर सुमारें अर्ध्या शतकानें लिहिलेला ग्रंथ. त्यांत इतिहास व भक्ति यांची सरमिसळ आहे, हें ध्यानांत ठेवूनच तो वाचावा लागतो.

इ. स. ५२९ च्या सुमारास बेनेडिक्ट कांहीं शिष्यांसह कॅसिनोच्या टेकडीवर आला. माथ्यावर त्या काळींहि अपोलो देवाचें देऊळ उभें होतें व आसपासचे शेतकरी तेथें पूजेस येत असत. बेनेडिक्टनें ती मूर्ति फोडली, वेदी उलथून टाकली आणि त्याच जागीं प्रार्थनामंदिर उभारलें. म्हणजे शांतीच्या या घराचा पायाच एका जुन्या देवाच्या भग्न अवशेषांवर घातला गेला. हें त्याच्या भक्तांनींच नमूद करून ठेवलें आहे, आणि इतिहासकारानेंहि तें वगळूं नये.

याच टेकडीवर बेनेडिक्टनें आपली नियमावली पूर्ण केली. प्रस्तावना सोडून तिचीं ७३ छोटीं प्रकरणें आहेत. संन्यासधर्माची पुस्तकें त्यापूर्वीं पुष्कळ झालीं होतीं; परंतु त्यांतील बहुतेकांचा ओढा देहदंडाकडे होता. बेनेडिक्टची नियमावली त्या मानानें एखाद्या सुज्ञ गृहस्थाश्रमी माणसानें घर चालविण्यासाठीं लिहावी तशी आहे. दिवसांतून सात वेळां व रात्रीं एकदां सामुदायिक प्रार्थना. मधल्या वेळांत शेतांत, स्वयंपाकघरांत वा कारखान्यांत अंगमेहनत. आणि रोज कांहीं काळ वाचन. आळस हा आत्म्याचा शत्रु, हें त्याचें सूत्र. प्रत्येकास रोज एक पौंड भाकरी, जेवणांत दोन शिजविलेले पदार्थ, आणि मोजकें द्राक्षासव. जेवतांना कोणीं बोलावयाचें नाहीं. एकानें मोठ्यानें वाचावें व इतरांनीं ऐकावें. कोणाच्याहि मालकीचें कांहीं असूं नये, लेखणीसुद्धां नाहीं. मात्र मठाचीं कुदळ-फावडीं व भांडींकुंडीं यांना वेदीवरील पवित्र पात्रांइतकें जपावें. महत्त्वाच्या प्रश्नावर मठाधिपतीनें सर्वांना बोलावून मत विचारावें, कारण पुष्कळदां वयानें सर्वांत लहान असणाऱ्यासच योग्य तें सुचतें.

या नियमावलींतील ५३ वें प्रकरण अतिथीविषयीं आहे. अतिथीच्या ठायीं देव पाहावा, ही शिकवण मराठी घराला नवी नाहीं. दारीं आलेल्याच्या पायांवर पाणी घालण्याची रीत येथेंहि होती. बेनेडिक्टनें सांगितलें कीं, येणारा प्रत्येक पाहुणा हा साक्षात् ख्रिस्तच समजून त्याचें स्वागत करावें. मठाधिपतीनें स्वतः त्याच्या हातांवर पाणी घालावें, सर्वांनीं मिळून त्याचे पाय धुवावे, आणि उपवासाचा दिवस असला तरी पाहुण्यासाठीं मठाधिपतीनें उपवास सोडावा. श्रीमंतांचा मान त्यांच्या दराऱ्यामुळें आपोआपच राखला जातो. म्हणून गरिबांकडे व यात्रेकरूंकडे अधिक लक्ष द्यावें. पाहुणे अवेळीं येतात व मठांत त्यांचा तुटवडा कधींच नसतो, म्हणून त्यांचें स्वयंपाकघर वेगळें असावें. दारावर एक वयस्क, शहाणा द्वारपाल बसवावा. कोणीं दार ठोठावतांच किंवा एखाद्या गरिबानें हांक मारतांच त्यानें देवाचे आभार मानून उत्तर द्यावें. आणि परगांवाहून आलेल्या संन्याशानें मठांतला एखादा दोष नम्रपणें दाखविला, तर देवानें त्याला त्याचसाठीं पाठविलें नसेल ना, याचा विचार करावा.

या मठाचा पहिला नामांकित पाहुणा म्हणजे गॉथ लोकांचा राजा तोतिला. सहाव्या शतकाच्या चाळिशींत तो इटली तुडवीत चालला होता. बेनेडिक्टची परीक्षा पाहण्यासाठीं त्यानें आपल्या एका शस्त्रधारी सेवकास राजवस्त्रें चढवून व पुढेंमागें लवाजमा देऊन वर पाठविलें. बेनेडिक्टनें दुरूनच त्याला सांगितलें कीं, बाळा, अंगावरचें उतरव, तें तुझें नव्हे. तेव्हां तोतिला स्वतः आला आणि जमिनीवर लोळण घेता झाला. बेनेडिक्टनें त्याला हातानें उठविलें, त्याच्या क्रूरपणाबद्दल त्याची कानउघाडणी केली, आणि तो थोडासा निवळला, असें ग्रेगरी सांगतो. बेनेडिक्ट इ. स. ५४७ च्या सुमारास वारला व आपली बहीण स्कोलास्तिका हिच्या शेजारींच त्याला पुरण्यांत आलें.

पुढचे पाहुणे दार ठोठावून आले नाहींत. इ. स. ५८० च्या सुमारास एका रात्रीं लोंबार्ड लोकांनीं मठ लुटला. माणसें निसटलीं व रोमला पळालीं. त्या धांवपळींत त्यांनीं बरोबर काय नेलें, याची नोंद पुढें दोनशें वर्षांनीं याच मठांत राहून लोंबार्डांचा इतिहास लिहिणाऱ्या पाउलस डायाकोनस यानें ठेवली आहे. त्यांनीं नेली नियमावलीची पोथी, भाकरी तोलण्याचें वजन आणि द्राक्षासव मोजण्याचें माप. या तीन वस्तूंत मठाचें सर्वस्व सामावलेलें होतें. भिंती मागें राहिल्या. परंतु रोजच्या दिवसाचें माप रोमला पोंचलें.

सव्वाशें वर्षांहून अधिक काळ टेकडी जवळजवळ ओसाड होती. ७१७ च्या सुमारास पेत्रोनॅक्स नांवाच्या गृहस्थानें पोपच्या सांगण्यावरून तेथें पुन्हा वस्ती केली. ७२९ मध्यें जेरुसलेमची यात्रा करून आलेला विलिबाल्ड नांवाचा एक इंग्रज प्रवासी तेथें उतरला. पाहुणा म्हणून आलेला हा मनुष्य दहा वर्षें राहिला आणि त्यांतील बरींच वर्षें त्यानें द्वारपालाचें काम केलें. ज्याच्यासाठीं दार उघडलें, तोच पुढें इतरांसाठीं दार उघडूं लागला. ७८७ मध्यें फ्रँकांचा राजा शार्लमेन आला. त्यानें मठाकडे नियमावलीची शुद्ध प्रत मागितली. आणि त्याच्या व त्याच्या पुत्राच्या राज्यांत हीच नियमावली मठामठांतून प्रमाण ठरली. जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड येथील आडरानांत जंगल तोडून, दलदली आटवून, शेतें व शाळा उभ्या करणारे शेंकडों मठ या एका पोथीवर चालले.

८८३ मध्यें दक्षिण इटलींत तळ देऊन बसलेल्या सॅरासेन टोळ्यांनीं मठ जाळला. मठाधिपति बर्थारियस मारला गेला. वांचलेले लोक प्रथम तेआनो येथें व पुढें कापुआ येथें गेले. तेआनोच्या आगींत ८९६ मध्यें खुद्द बेनेडिक्टच्या हातची समजली जाणारी पोथी जळून गेली. परंतु तोंपर्यंत तिच्या नकला युरोपभर झालेल्या होत्या. दहाव्या शतकाच्या मध्यास मंडळी टेकडीवर परतली. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, ९६० मध्यें, मठाच्या जमिनीचा एक तंटा कापुआच्या न्यायाधीशापुढें आला. निवाडा लॅटिनमध्यें लिहिला गेला, पण साक्षीदारांचे शब्द न्यायाधीशानें जसेच्या तसे, लोकांच्या बोलींत उतरवून घेतले. इटालियन भाषेचा पहिला निर्विवाद लेखी पुरावा म्हणून आज हाच कागद दाखविला जातो. आपल्याकडेहि देशभाषेचे आरंभीचे धागे दानपत्रांत व शिलालेखांतच सांपडतात, हें येथें सहज आठवतें.

अकराव्या शतकांत मठाधिपति देसिदेरियस याच्या कारकीर्दींत मठ वैभवाच्या शिखरावर पोंचला. त्यानें कॉन्स्टँटिनोपलहून कारागीर आणविले, तेथूनच पितळी दरवाजे घडवून घेतले, आणि १०७१ मध्यें नव्या मंदिराची प्रतिष्ठा केली. परंतु त्याहून मोठें काम झालें तें लेखनशाळेंत. रोमन इतिहासकार टॅसिटस याच्या दोन महाग्रंथांतील मोठ्या भागाची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत याच शतकांत येथें लिहिली गेली. ती आतां फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयांत आहे. ज्या रोमन लेखकानें ख्रिस्ती लोकांविषयीं तुच्छतेनें लिहिलें, त्याचाच ग्रंथ ख्रिस्ती संन्याशांनीं उतरून जगविला. याच काळांत उत्तर आफ्रिकेहून कॉन्स्टँटाइन नांवाचा पंडित आला. त्यानें अरबी वैद्यकग्रंथांचीं लॅटिनमध्यें रूपांतरें केलीं, आणि त्यांवर युरोपांतील वैद्यकशाळा पुढें कित्येक शतकें पोसल्या. ज्या दिशेनें सॅरासेन आग घेऊन आले, त्याच दिशेनें दोनशें वर्षांनीं विद्याहि आली आणि दार उघडें होतें म्हणून ती आंत शिरली. तेराव्या शतकांत थोर तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याचें बालपणींचें शिक्षण येथेंच झालें.

मग उतार लागला. १३४९ च्या भूकंपानें वास्तु कोसळली. त्या शतकांत कथाकार बोकाचियो मोठ्या उत्सुकतेनें येथील ग्रंथालय पाहण्यास आला. त्याच्या तोंडून ऐकलेली हकीकत त्याच्या एका शिष्यानें लिहून ठेवली आहे. ग्रंथालय कोठें, असें विचारतां एका संन्याशानें जिन्याकडे बोट दाखवून सांगितलें कीं, जा, उघडेंच आहे. वर जाऊन पाहतो तों खोलीला दार नाहीं, खिडक्यांत गवत उगवलेलें, पुस्तकांवर धुळीचे थर, आणि कित्येक ग्रंथांचीं पानें व कांठ कापून नेलेले. तेथील कांहीं मंडळी चार पैशांसाठीं तीं पानें खरवडून मुलांना स्तोत्रांच्या पोथ्या व बायकांना ताईत करून विकीत असत, असें त्याला कळलें. तो रडतच खालीं उतरला. ही हकीकत थोडीफार रंगविलेली असेल. परंतु लोंबार्डांच्या भीतीनें पळणाऱ्यांनीं जी पोथी छातीशीं धरली, तिचेच वारस निर्भय काळांत पोथ्यांचीं पानें विकतात, यांतला धडा कोणाहि विद्यासंस्थेनें विसरण्यासारखा नाहीं. शत्रूनें जाळलेलें पुन्हा उभें राहिलें. पण रोजचा नियम ढिला पडल्यावर दरवाजे शाबूत असूनहि घर आंतून रितें झालें.

पुढील शतकांत घर सांवरलें. १८६६ मध्यें इटलीच्या नव्या सरकारनें मठसंस्था बरखास्त केल्या. मॉन्टे कॅसिनो राष्ट्रीय स्मारक ठरलें, आणि संन्याशांना त्याचे रखवालदार म्हणून तेथें राहूं देण्यांत आलें.

चौथा आणि सर्वांत भयंकर आघात दुसऱ्या महायुद्धांत झाला. १९४३ च्या अखेरीस जर्मनांनीं आपली संरक्षणाची फळी याच डोंगरांतून नेली. त्यापूर्वींच ऑक्टोबरांत श्लेगेल व बेकर या दोघा जर्मन लष्करी अधिकाऱ्यांनीं वृद्ध मठाधिपति ग्रेगोरियो दियामारे यांची समजूत घालून ग्रंथ, दस्तऐवज व चित्रें ट्रकांतून हलविण्यास आरंभ केला. नेपल्सच्या संग्रहालयांनीं तेथें ठेवलेल्या कांहीं पेट्या वाटेंतच जर्मनीला वळल्या हें खरें. पण मठाचा ग्रंथसंग्रह रोमला सुखरूप पोंचला. शत्रूच्या गणवेशांतील माणसांनीं तो वांचविला.

या डोंगरावर चढाई करण्याचें काम फेब्रुवारी १९४४ मध्यें ज्या फौजेकडे आलें, ती होती चौथी हिंदुस्थानी डिव्हिजन. राजपुताना रायफल्स, पंजाबी, गुरखे व त्यांच्या जोडीला इंग्रज पलटणी. तिचे सेनापति टकर हे अभ्यासू अधिकारी होते. लष्करी कचेरींतून मठाची माहिती मिळेना, तेव्हां त्यांनीं नेपल्सच्या पुस्तकांच्या दुकानांतून १८७९ सालचें एक पुस्तक शोधून काढलें. त्यांत मठाच्या भिंतींची उंची व किमान १० फुटांची जाडी दिलेली होती. त्यांचें म्हणणें असें कीं, आज मठांत जर्मन असोत वा नसोत, लढाईला तोंड लागतांच ते या किल्ल्यासारख्या वास्तूचा आसरा घेतील. आणि पायदळाला केवळ बंदुकांनिशीं अशा भिंतींवर धाडणें म्हणजे त्यांचा बळी देणें होय. मठ वांचवावा कीं माणसें वांचवावीं, असा हा प्रश्न होता, आणि तीं माणसें गंगा-यमुनेच्या दुआबांतलीं, राजस्थानांतलीं, पंजाबांतलीं व हिमालयाच्या उतारावरचीं होतीं. तो प्रश्न घरबसल्या सोडविण्याइतका सोपा नव्हता.

१५ फेब्रुवारी १९४४ रोजीं सकाळीं दोनशेंहून अधिक अमेरिकन विमानांनीं मठावर बॉम्बवर्षाव केला. आदल्या दिवशीं सूचनेचीं पत्रकें टाकण्यांत आलीं होतीं, परंतु बाहेर पडण्यास वाट मिळाली नाहीं. आंत होते मठाधिपति, मोजके संन्यासी आणि आश्रयाला आलेले आसपासच्या गांवांतील शेंकडों स्त्रीपुरुष व मुलें. अतिथि म्हणून दाराशीं आलेल्या या लोकांपैकीं शंभराहून अधिक मृत्युमुखीं पडले. मठांत जर्मन सैन्य नव्हतें, असा निर्वाळा अमेरिकन सैन्याच्या १९६९ सालच्या अधिकृत इतिहासांतहि दिलेला आहे. आणि दुर्दैव असें कीं, ज्यांच्या प्राणांसाठीं हें केलें, त्यांना त्याचा लाभ झाला नाहीं. कांहीं बॉम्ब त्यांच्याच ठाण्यांवर पडले; पायदळाची मोठी चढाई त्या वेळीं तयारच नव्हती; आणि मोकळ्या ढिगाऱ्यांत जर्मन छत्रीधारी सैनिक येऊन बसले. साबूत मठापेक्षां भग्न मठच लढाईला अधिक सोयीचा ठरला. १७ फेब्रुवारीस ऐंशीच्या घरांतले मठाधिपति हातांत लांकडी क्रूस धरून, उरलेल्यांना घेऊन ढिगाऱ्यांतून बाहेर पडले. एक वृद्ध सेवाबंधु मात्र मागें फिरला व कांहीं आठवडे त्या अवशेषांत एकटाच वावरत राहिला.

त्याच आठवड्यांत राजपुताना रायफल्सनीं जवळच्या शिखरावर छातीचा कोट केला. मार्चमध्यें नवव्या गुरखा रायफल्सची एक तुकडी मठाच्या अगदीं खालच्या एका खडकावर आठनऊ दिवस उपाशीतापाशी तग धरून राहिली. मे महिन्यांत आठव्या हिंदुस्थानी डिव्हिजननें खालची गारी नदी ओलांडली. या डिव्हिजनमध्यें मराठा लाइट इन्फन्ट्रीचीहि एक पलटण होती. १८ मे रोजीं पोलिश सैनिकांनीं मठाचे अवशेष ताब्यांत घेतले. पुढें उत्तरेस तायबर नदीच्या खोऱ्यांत कोंकणांतल्या माणगांव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे यांनीं १० जुलै १९४४ रोजीं शत्रूचें ठाणें एकट्यानें काबीज करून प्राण ठेवला. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या या मोहिमेची बातमी त्या वर्षीं महाराष्ट्रांतील कित्येक खेड्यांत तारेच्या रूपानें पोंचली.

युद्धानंतर मठ पुन्हा बांधावयाचा ठरला, आणि तो होता तेथेंच व होता तसाच. जुने नकाशे व चित्रें पाहून दगडावर दगड चढविण्यांत आला. प्रमुख वेदीखालीं बेनेडिक्ट व स्कोलास्तिका यांची समाधि टिकलेली सांपडली. २४ ऑक्टोबर १९६४ रोजीं पोप सहावे पॉल यांनीं नव्या मंदिराची प्रतिष्ठा केली व बेनेडिक्टला युरोपचा संरक्षक संत म्हणून घोषित केलें. रोमला नेलेले ग्रंथ तत्पूर्वींच परत आले होते. छाटलेल्या वृक्षाला नवी पालवी फुटते, अशा अर्थाचें मठाचें बोधवाक्य आहे. तें येथें नुसतें शोभेसाठीं लिहिलेलें नाहीं.

आज त्या टेकडीवर जाणाऱ्यास सर्व बांधकाम जुन्या धर्तीचें, पण दगड नवा दिसतो. वरून पाहतां एका उतारावर पोलिश सैनिकांची दफनभूमि दिसते, आणि खालीं गांवाच्या कडेला राष्ट्रकुलाची. तेथें चार हजारांहून अधिक थडगीं आहेत व ज्यांची समाधि सांपडली नाहीं अशा चार हजारांहून अधिक वीरांचीं नांवें संगमरवरावर कोरलेलीं आहेत. त्यांत इंग्रज, न्यूझीलंडर व कॅनेडियन नांवांच्या बरोबरीनें हिंदुस्थानी नांवें आहेत: हिंदु, मुसलमान, शीख व गुरखे. ते या टेकडीला भेट द्यावयास आपण होऊन आले नव्हते, आणि त्यांना दारांत पाणी द्यावयास त्या वेळीं कोणी उरलें नव्हतें. परंतु आतां ते तेथलेच झाले आहेत. वर मठांत प्रार्थनेची घंटा ठरलेल्या वेळीं होते, आणि तिचा नाद खालच्या खोऱ्यांत उतरतो. मठाच्या दारीं आजहि कोणी परका आला तर त्याला आंत घ्यावयाचें असतें. जवळजवळ पंधराशें वर्षांपूर्वींच्या त्या पोथींतील ५३ वें प्रकरण अद्याप रद्द झालेलें नाहीं.